माळ्यावरची बोली

१

बोरीच्या शिवारात, जिंतूर रस्त्यापासून अर्धा कोस आत, सरजाबाईचं चार एकर रान होतं. लांबट, चिंचोळं, उगवतीकडून मावळतीकडे पसरलेलं. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला निम्मीच पोचायची. म्हणून ज्वारी हुरड्यात आली की दोन्ही टोकांना एकेक माळा उभा राहायचा. चार मेढी, वर फळ्या, डोक्यावर पऱ्हाट्यांची सावली आणि चढायला बाभळीची शिडी. उगवतीच्या माळ्यावर सरजाबाई बसायची, मावळतीच्या माळ्यावर तिचा नवरा सिताराम. बावीस सुग्या दोघांनी अशी राखण केली.

आता अडचण अशी की बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. चार माणसांच्या देखत ‘अहो’ म्हणून रानभर ओरडणं तर त्याहून लाजेचं. आणि पाखरं काही कुणाच्या लाजेसाठी खोळंबून राहत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत भोरड्यांचा थवा उतरला, तेव्हा सोळा वर्षांच्या सरजानं तोंडाला येईल तो आवाज काढला. सितारामानं तो कळेल तसा घेतला आणि तिकडून आपल्या मनाचा एक आवाज पाठवला. अशी आवाजाला आवाज जोडत दोघांची एक बोली तयार झाली. गावात ती कुणाला येत नव्हती. त्यांच्या पोटच्या पोराला, नागनाथलाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता सिताराम गेला. दोन सुग्या मावळतीचा माळा रिकामा राहिला. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर पंचफुला चढली. नागनाथची नवी बायको, म्हणजे सरजाबाईची सून. नागनाथ रस्त्यावर मैलकुली होता, सोमवारी जायचा तो शनिवारी उगवायचा. घरात उरल्या दोघी, आणि रानातही त्याच दोघी.

पहिल्याच सकाळी बांधावर पाखरं उतरली आणि सरजाबाई सवयीनं ओरडली, “झिऊऽऽ!” लगेच तिनं जीभ चावली. समोरच्या माळ्यावर आपला माणूस नाही, सून आहे, हे तिला ओरडल्यावर आठवलं. पण पंचफुलेनं गोफण बरोबर त्याच बांधावर फिरवली आणि सगळा थवा उठून गेला.

२

पंचफुला चुडाव्याची. आई बाळंतपणातच गेलेली, चुलत्याच्या घरी वाढलेली. चुलती वाईट नव्हती, पण आठ पोरांच्या घरात नववीला कोण हाक मारतंय? दिवेलागणीला गल्लीभर बायका आपापल्या लेकरांना ‘घरी ये गं’, ‘घरी ये रं’ म्हणून बोलवायच्या. पंचफुला कुणी न बोलावता घरी जायची. स्टेशनातली घंटा किती वेळा वाजली म्हणजे कोणती गाडी येते हे तिनं असंच, कुणी न सांगता, ऐकून ऐकून ओळखलेलं. न सांगितलेलं ओळखायची तिला खोडच होती.

तेव्हा सासूची बोली ऐकल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

“आत्या, झिऊ म्हंजी उगवतीच्या बांधावर पाखरं, व्हय ना?”

“तुला कुनी सांगितलं?”

“कुनी न्हाई. तुमी वरडलाव की पाखरं तितंच असत्यात.”

सरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. “शिकवायची बोली न्हाई ती, माय. ऐकून येती. आली तर आली.”

मग खेळच सुरू झाला. ‘टोबरऽऽ’ म्हणजे भाकरी सोडायची वेळ झाली, हे दोन दिवसांत कळलं, कारण पोटालाही तेव्हाच कळायचं. ‘विरूऽऽ’नं मात्र चांगलं फसवलं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बांधावरून धामण चालली होती, म्हणून पंचफुलेनं विरू म्हणजे साप असं पक्कं धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विरू आलं. ही माळ्यावर काठी घेऊन उभी, पाय वर घेते, खाली घेते, ‘कुटं हाय? कुटं हाय?’ करते. खाली वाटेनं शेजारच्या रानाचे मालक व्यंकटराव चालले होते. ते थांबले, आपल्या मागं वळून बघितलं, धोतर झटकलं आणि लगबगीनं निघून गेले. विरू म्हणजे वाटेनं माणूस येतंय.

सरजाबाई त्या दिवशी एवढी हसली की माळ्यावरून उतरून तिला खाली बसावं लागलं. तीन वर्षांत आत्या अशी हसली नव्हती असं नंतर शेजारची कडूबाई म्हणाली. पंचफुलेला ती सासू फार आवडायला लागली होती. आपल्याला आई असती तर ती अशीच असती, असं तिला वाटायचं, आणि ते मनात दाबून ठेवायचीही तिला गरज वाटत नव्हती.

३

एक शब्द मात्र कशातच बसत नव्हता.

दिवस ओढ्याकाठच्या बाभळीला टेकला की सरजाबाई उठून उभी राहायची आणि मावळतीकडे तोंड करून हळूच म्हणायची, “नेंबाऽऽ.” ओरडायची नाही. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणायची, तरी ते पंचफुलेच्या माळ्यापर्यंत स्पष्ट पोचायचं. त्या वेळी पाखरं नसायची, वाटेवर कुणी नसायचं, भाकरी तर कधीच संपलेली असायची. पंचफुलेनं चारी बाजूंना पाहिलं. काहीच नव्हतं.

पाच दिवस ती पाहत होती. पाचही वेळा दिवस बाभळीला टेकायचा आणि नेंबा यायचं.

“आत्या, नेंबा म्हंजी काय हो?”

“काय न्हाई. जुनी सवय हाय.” सरजाबाई चुलीपुढं बसली होती, ती वळली नाही. “बोलनं जुनं झालं की तोंडातनं आपसुक निघतं.”

सहाव्या दिवशी पंचफुलेनं युक्ती केली. सासू गोफणीची दोरी वळण्यात गुंतली होती, तेव्हा हिनं मुद्दाम हाक दिली, “टोबरऽऽ!” तिकडून मान वर न करता उत्तर आलं, “नेंबाऽऽ.” आणि थोड्या वेळानं दोरी बाजूला ठेवून सरजाबाई भाकरीला आली.

म्हणजे नेंबा म्हणजे थांब.

पंचफुला भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. शब्द सापडल्याचा आनंद अर्ध्यावरच थांबला होता. थांब हे उत्तर झालं. कुणी बोलावल्याशिवाय कुणी थांब म्हणत नाही. रोज संध्याकाळी आत्या कुणाला थांबवायला लागली होती?

४

शनिवारी नागनाथ आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पाय धुता धुता हसला.

“माय यकटी राहून राहून तसं करायलीय. तू मनावर घिऊ नको. आपण धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, भूतबीत आपल्यात न्हाई.”

“मी कुटं भूत म्हनलं?”

“मंग झालं की.”

झालं होतं हे खरंच. पंचफुला सातवी पास होती, आणि बुद्धीला न पटणारं धरून बसायचं नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं स्वतःला समजावलं की आत्याला सवय आहे. सवयीला काय, ती रिकाम्या खोलीतही चालते.

पण मग पाखरांचं काय? रानाच्या मधोमध, जिथं दोन्ही गोफणींचा गुंडा पोचत नाही, तिथून थवा एकदम उठायचा. कुणी टाळी वाजवल्यासारखा. सोमवारी असं एकदा झालं, मंगळवारी दोनदा. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जरा मावळतीकडे, म्हणजे पंचफुलेच्या माळ्याकडे. ससाणा असेल म्हणून तिनं आभाळ बघितलं. आभाळ मोकळं होतं. कोल्हा असेल असं म्हणून ती भर दुपारी काठी घेऊन ज्वारीत शिरली. ताटं सरळ उभी होती, एकही मोडलेलं नव्हतं. मधे पोचल्यावर मात्र तिला उगीचच वाटलं की आपण कुणाच्या तरी कामात आडव्या आलो, आणि ती आल्या पावली परतली.

बुधवारी तिनं ऐकलं.

ऐकलं म्हणजे नव्यानं काही वाजलं, असं नाही. दिवस बाभळीला टेकला की माळ्याखालच्या वाळल्या पात्यांत रोज एक सळसळ व्हायची. ती तिच्या ओळखीची होती, इतके दिवस तिनं तिला वारा म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी ती सळसळ तिला कळली. जसं गर्दीच्या गोंगाटात आपल्या ओळखीचं नाव एकदम वेगळं ऐकू येतं, तसं.

“बेरूऽऽ. ओमाऽऽनी.”

आवाज बाप्याचा होता, थकलेला, आणि फार मायेचा. तो तिच्या माळ्याखालून आला होता. पलीकडे सरजाबाई उभी राहिली आणि म्हणाली, “नेंबाऽऽ.”

पंचफुला फळ्यांवर पाय पोटाशी घेऊन बसली. आधी हे आपल्याला ऐकू येत नव्हतं, आणि बोली शिकलो म्हणून ऐकू यायला लागलं, एवढं तिला समजलं. शिकलेलं विसरता येत नाही, हेही तिला त्याच वेळी समजलं.

५

घरी आल्यावर तिनं सरळच विचारलं. “बेरू म्हंजी तुमी ना, आत्या?”

सरजाबाईच्या हातातली काथवट तशीच राहिली. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

तिनं ती खाली ठेवली. मग सरजाबाई म्हणाली, “मला वाटलं माझाच भरम हाय. बरं झालं मायबाई, दुसऱ्या कुनाला तरी आलं ऐकू.” आणि पंचफुलेच्या लक्षात आलं की आत्याला खरंच बरं वाटलं आहे.

“ह्ये म्हनत्यात भूतबीत नसतं.”

“भूत कोन म्हनतंय? भुताला मी भ्याले असते. त्यो नागनाथच्या बापाचा आवाज हाय.”

“आन् ओमानी?”

“घरी चल म्हनत्यात. दुसरं काय म्हननार? बावीस वर्सं दिवस मावळायला हेच म्हनले.”

“कोन्त्या घरी?”

सरजाबाईनं जाळ मागं सारला आणि भाकरी थापायला घेतली.

“दोन सुग्या म्हनलं, नागनाथचं लगीन होऊ द्या. थांबले. मंग म्हनलं, सून आलीया, जरा रुळू द्या. थांबले. आता म्हनलं, ज्वारी निघू द्या. मानूस लय सबुरीचा हाय बग. पर किती थांबवावं?”

“आन् ज्वारी निघाली की?”

“मंग काय सांगू त्यास्नी? खोटं मी त्यांच्यासंगं कदी बोलले न्हाई.” तिनं भाकर तव्यावर टाकली. “आन् मला बी लय वाटतं गं. एवढं मायेनं कुनी बलावलं तर मानसानं किती दिस न्हाई म्हनायचं?”

ती चाळिशीची होती. केस काळे होते, दात धड होते, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन ती ओढ्याचा चढ एका दमात चढायची. पंचफुलेला रडू कोसळलं. तिला आयुष्यात एकच माणूस मनासारखं मिळालं होतं, आणि ते ज्वारीच्या काढणीला निघून जाणार होतं. कोण नेतंय हा प्रश्न तिच्या लेखी मागं पडला. आत्याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं धरलं.

६

माघात काढणी लागली. कडूबाई आणि तिच्या बरोबरच्या बायका उगवतीकडून ज्वारी उपटत मावळतीकडे सरकायला लागल्या. पंचफुला रोज काहीतरी खोडा घालायची. एक दिवस बायकांना चहाला बसवून ठेवलं, एक दिवस पेंढ्या नीट बांधल्या नाहीत म्हणून परत सोडायला लावल्या. कडूबाई वैतागली. “सरजे, तुजी सून लय काटेकोर हाय बाई!” तरी चौथ्या दिवशी दुपारी सगळं रान मोकळं झालं. राहिली ती फक्त मावळतीच्या माळ्याखालची दोन तासं, म्हणजे ताटांच्या दोन ओळी.

“ती ऱ्हाऊ द्या,” पंचफुला म्हणाली. “बियाला ठिवू.”

बायका निघून गेल्यावर सरजाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. “त्यास्नी बी रानातलं कळतं, पोरी. दोन तासानं ते फसायचे न्हाईत.” आणि ती उगवतीच्या टोकाला पेंढ्या रचायला गेली. जाताना तिनं तोंड धुतलं होतं आणि नीट भांग पाडला होता.

पंचफुला माळ्यावर चढली. खाली उघडी काळी जमीन, कुठं लपायला आडोसा नाही. फक्त माळ्याला वेढून उभी असलेली ती दोन तासं. वारा पडला होता. दिवस बाभळीला टेकला.

“बेरूऽऽ. ओमाऽऽनी.”

पलीकडे सरजाबाईनं हातातली पेंढी खाली ठेवली. हात पदराला पुसले. सगळ्या मोकळ्या रानावरून एकदा नजर फिरवली आणि बोलायला तोंड उघडलं.

त्याच्या आधी पंचफुला ओरडली. “नेंबाऽऽ! बेरू नेंबाऽऽ!”

सासऱ्यापुढं सून तोंड उघडत नाही. ही तर त्याच्या डोक्यावर बसून ओरडली होती. खालची सळसळ थांबली. मग एक ताट हललं, मग त्याच्या पुढचं, आणि शिडीची खालची पायरी हळूच करकरली.

फळ्यांच्या फटीतून तिला जेवढं दिसलं ते एवढंच. पांढऱ्या मुंडाशाची एक घडी, आणि शिडीवर ठेवलेला हात. कोपरापर्यंत खडीची पांढरी धूळ बसलेली. पंचफुलेचा पदर डोक्यावर गेला. तिनं तो घेतला नव्हता, तो सवयीनं गेला. त्याचं तोंड वर येईल म्हणून तिनं डोळे मिटले.

मग अगदी जवळून आवाज आला. नव्या लेकराचं नाव म्हणून बघावं, तसा.

“इल्वा.”

हा शब्द तिनं कधीच ऐकला नव्हता. बांध, पाखरं, वाट, भाकरी, कशाशीही तो जोडून बघायची गरज पडली नाही. तो तिचा होता.

“इल्वाऽऽ. ओमाऽऽनी.”

घरी ये गं. चुडाव्याच्या गल्लीत सगळ्या पोरींना ऐकू आलेलं आणि तिला कधीच न आलेलं बोलणं ते. भीती कुठं गेली तिला कळलं नाही. ओठांवर ‘ओ’ आला, आणि तिचा एक पाय शिडीवर गेलेला होता.

७

सरजाबाई अख्खं रान पळत आली. पदर सुटलेला, पाय ढेकळांनी सोललेले. ती तशीच मोकळ्या शिडीवर चढली आणि पंचफुलेच्या तोंडावर तिनं हात दाबला.

“ओ दिऊ नको! खबरदार ओ दिलीस तर!”

इतक्या दिवसांत ती सुनेवर कधी ओरडली नव्हती. मग हात तसाच दाबून धरून ती खालच्या दोन तासांकडं वळली आणि त्या बोलीत बोलायला लागली. भराभर, दम न घेता, बावीस वर्षांचे सगळे शब्द. पंचफुलेला त्यातले बरेच येत नव्हते, पण सूर कळत होता. आधी राग होता, मग समजूत, मग विनवणी. ‘इल्वा’ कितीदा तरी आलं. शेवटी ‘नेंबा’ आलं, आणि त्यानंतर सरजाबाई ऐकत राहिली.

ताटं निश्चल झाली. बाभळीमागं दिवस बुडाला. कुठूनतरी गुरं परतत असल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं हात काढला.

“गेले?” पंचफुलेनं विचारलं.

“उद्या येत्याल की.”

“मला बलावलं त्यांनी, आत्या.”

“ऐकलं मी. मला कान न्हाईत व्हय?” सरजाबाईचा श्वास अजून बसला नव्हता. तिनं पंचफुलेचा पाय धरून शिडीवरून वर घेतला आणि हातात घट्ट धरून ठेवला. “नावच ठिवलं त्यांनी तुजं. आता रोज बलावतील. आन् तुला तर सांगायला यायचं न्हाई. आज बगितलं न्हवं का, एक हाक आली की निघाली पोरगी! रोज दिस मावळायला तुज्यावाटचं मलाच बोलावं लागंल.”

“म्हंजी तुमी ऱ्हानार?”

सरजाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला छातीशी ओढून रडायला लागली.

“न ऱ्हाऊन काय करू, भवाने? मरायची बी सोय ठिवली न्हाईस माझी.”